खारवलेले शहर: लिस्बनचे ताट आणि लिस्बनची रात्र

लिस्बनच्या बाइशा भागात, तेजो नदीपासून हाकेच्या अंतरावर, रुआ दोस बाकाल्योएरोस नावाचा रस्ता आहे. खारवून सुकवलेल्या कॉड माशाचे, म्हणजे बाकाल्यावचे व्यापारी एके काळी इथे पेढ्या टाकून बसत. याच रस्त्यावर १९३० साली निघालेले कोन्सेर्वेइरा दे लिस्बोआ हे डबाबंद माशांचे दुकान आजही चालू आहे. लाकडी फळ्यांवर रंगीत कागदात गुंडाळलेले डबे छतापर्यंत रचलेले असतात. तिथून उत्तरेला दहा मिनिटे चालत गेले की प्रासा दा फिगेइराजवळ १८९० पासूनचे मान्तेगारिया सिल्वा लागते. तिथे कॉडच्या कडक, पांढुरक्या फाका लाकडाच्या फळकुटांसारख्या एकावर एक ठेवलेल्या दिसतात. आणखी काही पावलांवर साओ दोमिंगोसच्या चौकात १८४० चे ‘आ जिंजिन्या’ आहे, आंबट चेरी दारूत मुरवून केलेले मद्य पेल्यापेल्याने विकणारे, जेमतेम काही माणसे उभी राहू शकतील एवढे दुकान. अटलांटिकच्या तोंडाशी वसलेल्या या शहरात या तिन्ही नामांकित दुकानांचा धंदा ज्या मालावर उभा राहिला तो ताजा नव्हे, टिकवलेला माल आहे. माझ्या मते लिस्बनची किल्ली इथेच आहे. हे शहर बंदर म्हणून वाढले, बंदराने जहाजांची शिधासामग्री पुरवली, आणि महिनोन्‌महिने न नासणाऱ्या अन्नाची चव या शहराच्या जिभेवर कायमची बसली. नव्याने आलेल्या प्रवाशाने पहिले दोन-तीन दिवस ‘सर्वोत्तम दहा उपाहारगृहां’च्या मागे धावण्यापेक्षा हा एक धागा धरून चालावे. ताट तर कळेलच, रात्रही बरीचशी कळेल.

सुरुवात कॉडपासूनच करायला हवी, कारण कोडे तिथे सर्वांत मोठे आहे. पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ कॉड सापडत नाही. तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात राहतो: न्यूफाउंडलंड, आइसलंड, नॉर्वे. तरीही पोर्तुगीज माणूस नाताळच्या आदल्या रात्री उकडलेला बाकाल्याव, बटाटे आणि कोबी यांवर ऑलिव्ह तेल ओतून जेवतो, आणि या माशाच्या पाककृती हजाराच्या वर आहेत असे अभिमानाने सांगतो. पंधराव्या शतकाच्या शेवटी आणि सोळाव्याच्या आरंभी पोर्तुगीज कोळी न्यूफाउंडलंडच्या उथळ सागरी पठारांवर पोचले. १५०६ मध्ये राजा मानुएल पहिला याने तिथून येणाऱ्या कॉडवर दशमांश कर बसवला, इतका तो व्यापार तोवर लक्षात येण्याजोगा झाला होता. या माशाचा गुण असा की त्याची चरबी यकृतात साठते, मांसात ती एक टक्क्याहूनही कमी असते. चरबी नसलेले मांस मीठ लावून वाळवले की खवट होत नाही. मीठ तर पोर्तुगालकडे भरपूर होते. सेतुबाल आणि आवेइरोच्या मिठागरांचे मीठ घेण्यासाठी उत्तर युरोपातली जहाजे येत. त्यात कॅथलिक पंचांगात मांसाहार वर्ज्य असलेले दिवस वर्षाकाठी कितीतरी. डोंगराळ आतल्या गावांत, जिथे ताजा मासा पोचेपर्यंत सडला असता, तिथे उपवासाच्या दिवशी चालणारा मासा हाच. दूरचा मासा राष्ट्रीय झाला तो असा, मीठ, धर्म आणि वाहतूक यांच्या संगतीने.

या इतिहासाचा दुसरा अंक विसाव्या शतकातला आहे, आणि तो प्रवाशांना क्वचितच सांगितला जातो. मधली दोन-तीन शतके पोर्तुगाल हा मासा मुख्यतः परक्यांकडून विकत घेत होता. सालाझारच्या हुकूमशाही राजवटीने १९३४ मध्ये कॉडच्या व्यापारासाठी नियामक मंडळ नेमले आणि देशी ताफा पुन्हा उभारला. दुसऱ्या महायुद्धात तटस्थता दुरून दिसावी म्हणून ही जहाजे पांढरी रंगवली गेली आणि ‘पांढरा ताफा’ हे नाव पडले. न्यूफाउंडलंडच्या धुक्यात मोठ्या जहाजावरून छोट्या होड्या सोडल्या जात. प्रत्येक होडीत एकटा माणूस, हाती गळाची दोरी; असे सहा-सहा महिने. इतर देशांनी ही पद्धत सोडल्यानंतरही पोर्तुगालने ती १९७० च्या दशकापर्यंत चालवली. बाकाल्यावला ‘गरिबाचा मासा’ म्हणतात तेव्हा ही माणसेही त्या शब्दात असावीत असे मला वाटते. आज तो गरिबाचा उरलेला नाही, आणि बहुतांश माल नॉर्वेहून येतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. लिस्बनच्या पोस्टरवर तर भाजलेली ताजी सार्डिन असते! १२ जूनच्या रात्री, संत अँथनीच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्लीगल्लीत शेगड्या पेटतात, सार्डिनचा धूर जिन्यांवरून वर चढतो, पावाच्या जाड तुकड्यावर अख्खा मासा ठेवून लोक उभ्याने खातात. हे सगळे खरे आहे, आणि जूनमध्ये लिस्बनला जाणे ज्याला जमेल त्याने ही रात्र सोडू नये. पण ताजी सार्डिन हा ऋतूचा मेवा आहे. मे-जूनपासून ती चरबीने भरते, हिवाळ्यात रोडावते; तेव्हा भाजली तर कोरडी लागते. डिसेंबरमध्ये एखाद्या उपाहारगृहात दाराशी सार्डिनचे चित्र दिसले तर ते प्रवाशासाठी लावलेले आहे असे समजावे. अलीकडच्या काळात साठे घटल्यामुळे मासेमारीवर कडक मर्यादाही आल्या. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांसाठी सार्डिन डब्यात असते. तेलकट मासा वाळवला तर खवट होतो, म्हणून त्याला मीठ पुरत नाही. त्याला हवाबंद डबा आणि तेल लागते. निकोला आपेर याने फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अन्न हवाबंद करून टिकवण्याची रीत दाखवली आणि पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला रामिरेझचा कारखाना १८५३ मध्ये निघाला. पुढे १८८० च्या दशकात ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून सार्डिन नाहीशी झाली, तेव्हा फ्रेंच कारखानदार सेतुबालला आले. चांगल्या डब्यातली सार्डिन वर्षभर ठेवली तर बिघडत नाही, उलट सुधारते. तेल आत मुरते, काटे मऊ होतात. जाणकार मंडळी डबे अधूनमधून उलटे करून ठेवतात. जून संपताच आक्षेपातली ताजी सार्डिन अशी पुन्हा टिकवलेल्यांच्या पंक्तीला जाऊन बसते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. घरोघरी शीतपेट्या आल्या, मर्कादो दा रिबेइराच्या १८८२ च्या बाजार-इमारतीत २०१४ पासून नामवंत आचाऱ्यांची खाद्यदालने भरली. मग मिठाचा आणि डब्याचा इतिहास आजच्या ताटाला कशाला चिकटवायचा? उत्तर असे की गरज संपली तरी चव संपत नाही. सुके बोंबील खाणाऱ्या कोकणी घराला हे समजावून सांगावे लागणार नाही. ताज्या बोंबलाची जागा सुका घेत नाही आणि सुक्याची ताजा. ते दोन वेगळे पदार्थ आहेत. मीठ आणि काळ यांमुळे कॉडच्या मांसातली प्रथिने बदलतात, पाणी जाते, गंध गाढ होतो, आणि भिजवून शिजवल्यावर त्याच्या जाड, चिवट-मऊ पाकळ्या सुटतात. ताज्या कॉडला हे येत नाही. आता गोठवलेला, न खारवलेला कॉड बाजारात सहज मिळतो, तरी पोर्तुगीज स्वयंपाकघर खारवलेलाच मागते, हा पुरावा मला पुरेसा वाटतो. शिवाय हा मासा आयत्या वेळी करता येत नाही. दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो, म्हणजे शुक्रवारच्या जेवणाचा निर्णय बुधवारी होतो. छोट्या खानावळींत, ज्यांना तिथे तास्का म्हणतात, ‘आजचा पदार्थ’ खडूने फळ्यावर लिहिलेला असतो त्याचे एक कारण हेही आहे. नवख्याने बाकाल्याव आ ब्राश मागवावा: कॉडचे धागे, काडीसारखे तळलेले बटाटे, कांदा आणि अर्धवट शिजलेले अंडे. बाइरो आल्तो भागातल्या ब्राश नावाच्या खानावळवाल्याने तो काढला असे सांगतात. मासा कमी, पोट भरणारे जिन्नस जास्त. काटकसरीतून निघालेली ही युक्ती फार चविष्ट आहे.

मिठानंतर साखर. ख्रिस्ती मठांमध्ये अंड्याचे पांढरे कपड्यांना खळ देण्यासाठी आणि वाइन निवळण्यासाठी वापरले जाई. उरलेले बलक साखरेच्या पाकात घालून जोगिणींनी मिठायांची एक अख्खी शाखा निर्माण केली. गाढ पाकात पाणी साखरेला बांधलेले असते, जंतूंना ते मिळत नाही, म्हणून पाकात शिजलेला बलक टिकतो. आवेइरोचे ओवोश मोलेश, बलकाच्या सुतरफेणीसारखे फिओश दे ओवोश ही त्याची उदाहरणे. यातला दुसरा प्रकार पोर्तुगीजांबरोबर थायलंड आणि जपानपर्यंत गेला आणि आजही तिथे केला जातो. पण एवढी साखर आली कुठून, हा प्रश्न गोडाच्या दुकानात उभे असतानाही विसरू नये. आधी मादेइरा बेट, मग साओ तोमे, मग ब्राझील. आणि तिन्ही ठिकाणी आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांचे श्रम. सोळाव्या शतकाच्या मध्यावर खुद्द लिस्बनच्या लोकसंख्येपैकी सुमारे दहा टक्के माणसे गुलाम होती असा अंदाज केला जातो. बेलेम भागातल्या प्रसिद्ध कस्टर्डच्या पुरीची गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकातली. यादवी युद्धानंतर १८३४ मध्ये उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, तिथला जेरोनिमोस मठ रिकामा झाला, आणि १८३७ मध्ये शेजारच्या साखर-कारखान्यालगत मठाच्या पाककृतीवर दुकान सुरू झाले. ही पुरी टिकाऊ अजिबात नाही; माझ्या मांडणीला इथे अपवाद आहे हे मान्य करतो. ती भट्टीतून आल्या आल्या, वर दालचिनी भुरभुरून खावी, आणि उद्यासाठी बांधून घेऊ नये.

तिसरे साधन आंबटाचे: वाइन, व्हिनेगर आणि लसूण. मादेइरात नाताळला डुकराचे मांस वाइन-लसणीत दिवसेंदिवस मुरवतात. लिस्बनच्या नाक्यानाक्यावर पावात घालून मिळणारी बिफाना त्याच कुळातली, पातळ कापलेले मांस वाइन-लसणीच्या रसात शिजवलेले. मराठी वाचकाला हे कूळ ओळखीचे आहे, कारण ते मांडवीच्या काठी उतरले. गोव्यात द्राक्षाची वाइन नव्हती, म्हणून माडाच्या सुरेचे व्हिनेगर आले. अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची आली. आणि विंदालू झाले. सोरपोतेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते असे गोव्यात सांगतात. बालशांव तर लोणचेच. बलक, साखर आणि नारळाचा रस यांची थरांवर थर देऊन केलेली बेबिंकही काही दिवस राहते. लिस्बनमध्ये गोव्याचे जेवण देणाऱ्या काही खानावळी आहेत, आणि १९७५ नंतर मोझांबिकमधून आलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांमुळे व गोवेकरांमुळे सामोसा ‘शामुसा’ होऊन शहरातल्या साध्या कॉफीच्या दुकानांतही काचेमागे दिसतो. तो स्वस्त असतो, उभ्याने खाल्ला जातो, आणि तिथे त्याला कोणी परदेशी पदार्थ म्हणत नाही. शाकाहारी मराठी प्रवाशाने मात्र सावध राहावे: कोबीवर्गीय भाजीच्या काल्दो वेर्दे सूपमध्ये बहुधा सॉसेजची चकती असते आणि काही मठांच्या मिठायांत डुकराची चरबी.

जेवणाच्या वेळाही समजून घ्यायला हव्यात, कारण रात्र त्यांच्यावर टांगलेली आहे. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते तीन. रात्रीचे आठच्या पुढे, बरेचदा नऊला. बसताच पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतात. ते भेट म्हणून ठेवलेले नसतात, खाल्ले तर बिलात लागतात; पण न मागवलेल्या आणि न शिवलेल्या जिनसांचे पैसे लावायला कायद्याने मनाई आहे, तेव्हा नको असतील तर शांतपणे परत पाठवावे. नऊला बसलेला माणूस अकराला उठतो, आणि मगच बाइरो आल्तोच्या गल्ल्या भरू लागतात. हा भाग १५१३ पासून आखला गेला आणि १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपातून बराचसा बचावला, म्हणून त्याच्या अरुंद, सरळ गल्ल्या आणि बारीक गाळे तसेच राहिले. गाळा लहान म्हणून गिऱ्हाईक पेला घेऊन रस्त्यावर उभे राहते. इथे एकोणिसाव्या शतकापासून वृत्तपत्रांची कार्यालये आणि छापखाने होते. एका रस्त्याला आजही ‘दियारियो दे नोतिसियास’ या दैनिकाचे नाव आहे. अंक पहाटे छापायचा तर रात्रभर उघडी खानावळ हवी. उशिरापर्यंत जागणे ही या भागात चैन होण्याआधी पाळीची गरज होती. एप्रिल १९७४ मध्ये हुकूमशाही कोसळल्यावर, १९८२ मध्ये मानुएल रेइश यांनी याच भागात ‘फ्राजिल’ हे नृत्य-मद्यगृह उघडले आणि कलावंत, नट, पत्रकार तिथे एकत्र आले. १९९८ मध्ये त्यांनीच नदीकाठी ‘लुक्स’ काढले. आज पर्यटक ज्याला लिस्बनची रात्र म्हणतात तिची घडण इतकी अलीकडची आहे.

फादो या लिस्बनच्या गाण्याबद्दलही हेच, आणि इथे रम्य कल्पना सर्वांत घट्ट बसलेल्या आहेत. फादो मूरांचे गाणे, मध्ययुगीन खलाशांचे गाणे असे ऐकवले जाते. लिस्बनमधले त्याचे भक्कम पुरावे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मिळतात, आणि आज बरेच संशोधक त्याची मुळे ब्राझीलमधल्या आफ्रिकी-ब्राझिलियन नृत्यगीतांत शोधतात. नेपोलियनच्या स्वारीमुळे १८०७ मध्ये ब्राझीलला गेलेला दरबार १८२१ मध्ये परतला, त्या काळात तो प्रवाह बंदरात शिरला. मौरारिया भागातल्या दारूगुत्त्यांत गाणारी मारिया सेवेरा १८४६ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी वारली आणि दंतकथा झाली. त्यानंतर फादो टिकवला तो काही अंशी सरकारी शिक्क्याने. १९२७ च्या हुकुमाने गायकांना व्यावसायिक परवाना सक्तीचा झाला, गीतांचे शब्द आधी तपासून घ्यावे लागू लागले, आणि गुत्त्यातले आयत्या वेळचे गाणे हळूहळू जेवणाच्या मेजांभोवतीच्या कार्यक्रमात बसवले गेले. १९३७ चे आदेगा माशादो या काळातले. धारदार राजकीय फादो मागे पडला, विरह आणि नियती पुढे आली. कोणी म्हणेल, मग हा सगळा बनावच. मला तसे वाटत नाही. मीठ लावल्याने मासा बदलतो, खोटा होत नाही. बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारीची आणि आवाजाची झुंज, दिवे मंद होताच थांबणारे वाढप, ताटांचा आवाजही न करणारे श्रोते: ही शिस्त त्याच बंदिस्तपणातून आली, आणि आमालिया रोद्रिगेश यांच्यासारखी गायिका तिच्यातून उभी राहिली. नवख्याने एक रात्र जेवणासहितच्या फादोगृहात आणि एक रात्र तास्का दो शिकोसारख्या ठिकाणी, जिथे हौशी गायकही उठून गातात, काढावी. दोन्हींतला फरक कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर कळतो. गाणे चालू असताना बोलू नये, हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

रात्री दोन-तीनला बाइरो आल्तो बंद होऊ लागला की गर्दी उतारावरून काइश दो सोद्रेला जाते. हा खलाशांचा भाग. जामाइका, टोकियो, ऑस्लो, वायकिंग ही इथल्या बारांची नावे जहाजांच्या जगातली. दीर्घकाळ वेश्यावस्ती म्हणून टाळली जाणारी रुआ नोवा दो कार्वाल्यो २०११ मध्ये वाहनांना बंद करून गुलाबी रंगवली गेली. तिथेच गळ आणि दोऱ्या विकणाऱ्या जुन्या दुकानाचा ‘सोल ए पेश्का’ नावाचा बार झाला आहे. भिंतीवर मासेमारीचे साहित्य तसेच, आणि पेल्यासोबत डबाबंद मासा. शहराने आपली जुनी शिदोरी रात्रीच्या करमणुकीत कशी आणली ते इथे एका मेजावर दिसते. यावर शेवटचा आक्षेप रहिवाशांचा, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. आल्फामा आणि बाइरो आल्तोमधली घरे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिली जाऊ लागली, भाडी वाढली, म्हाताऱ्या भाडेकरूंना झोप मिळेना. जिथे शेजारीच उरत नाहीत तिथला तास्का कोणासाठी खडूने फळा लिहिणार? टिकवण्याची कला असलेल्या शहराला माणसे टिकवणे मात्र कठीण जात आहे. निदान रस्त्यावरचा पेला आणि आवाज आवरणे पाहुण्याच्या हाती आहे.

काइश दो सोद्रेच्या नदीकडच्या बाजूला ‘बी. लेझा’ हा केप व्हर्दीच्या संगीताचा क्लब आहे, एका केप व्हर्दी संगीतकाराच्या नावाने चालणारा. मोर्ना आणि कोलादेइरा या तिथल्या गीतप्रकारांवर जोडपी नाचतात, नवखा कोपऱ्यात उभा राहिला तर कोणीतरी त्याला ओढून नेते. केप व्हर्दी ही १४६० च्या दशकापासून वसवलेली बेटे पोर्तुगीज जहाजांचा पाण्या-शिध्याचा थांबा होती, आणि गुलामांच्या व्यापाराचेही ठाणे. १९७५ मध्ये ती स्वतंत्र झाली. त्या सुमारास आफ्रिकेतल्या वसाहतींमधून किमान पाच लाख माणसे पोर्तुगालला आली, आणि केप व्हर्दीचे मजूर तर त्याआधीपासून लिस्बनच्या बांधकामांवर होतेच. त्यांची काशुपा शहरातल्या केप व्हर्दी खानावळींत मिळते: सुका मका आणि कडधान्ये तासन्‌तास शिजवायची, त्यात जे मांस-मासळी असेल ते घालायचे, आणि उरलेली दुसऱ्या सकाळी कांद्यावर परतून वर अंडे फोडायचे. फादोच्या तिकिटासाठी रांग लावणारे पुष्कळ प्रवासी इथवर पोचत नाहीत. तिसऱ्या रात्रीची जागा मी या क्लबसाठी आणि काशुपासाठी राखून ठेवायला सांगेन.